न दिलेल्या आकड्याचे काय करायचे?

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा सौदा होतो, माल तोलला जातो आणि आडतीवर शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघते. पूर्वी मुनीम ती हाताने लिहायचा, आता अनेक आडतींवर ती संगणकातून निघते. पट्टीवर वजन आणि भाव असतो, त्याखाली हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, तिच्यावरचे व्याज अशा वजावटी असतात, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. हा कागद छापणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात अनेक प्रोसिजर असतात. पट्टी बनवणारी प्रोसिजर वजावटी काढणारीला कॉल करते, ती व्याज काढणारीला करते, आणि मग खतावणीत नोंद करणारीची पाळी येते. प्रत्येक कॉलबरोबर काही आकडे पुढे सोपवले जातात, तेच पॅरामीटर. वजन आणि भाव द्यावेच लागतात. ओलाव्याचे प्रमाण, व्याजदर, सूट हे मात्र ऐच्छिक असतात. दिले तर दिले, नाही तर नाही.

व्यावसायिक प्रोग्रॅमिंगमधला एक जुना प्रश्न इथून सुरू होतो. पहिल्या प्रोसिजरला व्याजदर मिळालाच नाही, तर तिने तो दुसरीला काय म्हणून द्यायचा? शून्य? रिकामा? नेहमीचा दर? की कॉल करताना तो वगळूनच टाकायचा? गेल्या चार-पाच दशकांत वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच मांडतो: ‘आकडा दिला नाही’ ही स्वतःच एक माहिती आहे. ती एका प्रोसिजरकडून दुसरीकडे जाताना हरवली, तर हिशेब बिनबोभाट चुकतो आणि त्याची किंमत पट्टीच्या शेवटच्या ओळीत कुणाला तरी मोजावी लागते.

ऐच्छिक पॅरामीटर आले कशासाठी

ऐच्छिक पॅरामीटर ही केवळ प्रोग्रॅमरची सोय असा समज आहे. मूळ कारण त्याहून गंभीर आहे. व्यवहाराचे नियम बदलत राहतात आणि चालू प्रोग्रॅम बंद ठेवता येत नाही. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. तोवर ‘आडत कुणाकडून’ हे विचारायचीच गरज नव्हती. त्या दिवसापासून प्रोसिजरला एक नवा पॅरामीटर लागू लागला. जुन्या पन्नास ठिकाणांहून ती प्रोसिजर कॉल होत असेल, तर पन्नासही ठिकाणे एका रात्रीत बदलणे अशक्य. म्हणून नवा पॅरामीटर शेवटी जोडायचा आणि तो ऐच्छिक ठेवायचा. जुने कॉल जसेच्या तसे चालतात, नवे कॉल जास्तीचा आकडा देतात.

अडचण पुढे आहे. ‘दिला नाही’ या एकाच अवस्थेत निदान तीन वेगवेगळे अर्थ दडलेले असतात. पहिला अर्थ, नेहमीचे धरा. दुसरा, इथे लागू नाही. तिसरा, ठाऊक नाही. ओलाव्याचे उदाहरण घ्या. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. ओलाव्याचा रकाना रिकामा राहिला, म्हणजे १२ धरायचे, की माल मोजलाच गेला नाही असे समजायचे? आणि तिथे कुणी शून्य भरले, तर तो खरोखर मोजलेला शून्य, की रिकाम्या जागी टाकलेला?

करात हा फरक थेट पैशांत दिसतो. १ जुलै २०२१ पासून मोठ्या खरेदीदाराने एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांहून अधिक माल घेतला, की वरच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापायचा नियम आला. विक्रेत्याने पॅन दिला नसेल, तर तोच दर ५ टक्के. म्हणजे ‘पॅन दिला नाही’ याला कायद्याने स्वतंत्र दर लावला. लातूरच्या एखाद्या डाळमिलच्या प्रोग्रॅममध्ये आतल्या प्रोसिजरपर्यंत पोचताना ‘पॅन नाही’चे रूपांतर ‘पॅन तपासायची गरज नाही’ असे झाले, तर कपात पन्नासपट कमी होईल.

पहिली वाट: किती आले ते मोजा

सर्वांत जुना उपाय म्हणजे किती पॅरामीटर आले ते मोजायचे. आयबीएमची आरपीजी ही भाषा १९५९ सालची. १९८८ मध्ये एएस/४०० ही यंत्रमालिका आली, १९९४ मध्ये आरपीजी फोर आली, आणि आज ‘आयबीएम आय’ या नावाने तोच वारसा अनेक कारखान्यांच्या आणि वित्तसंस्थांच्या कामात चालू आहे. आरपीजीत पॅरामीटरला ‘नोपास’ अशी खूण करता येते. मात्र एकदा ही खूण केली, की त्याच्यापुढचे सगळे पॅरामीटर नोपासच असावे लागतात. मधलाच एखादा गाळता येत नाही. आत गेल्यावर ‘पार्म्स’ हे फंक्शन किती पॅरामीटर आले ते सांगते. ते न तपासता न आलेल्या पॅरामीटरला हात लावला, तर काय मिळेल याची खात्री नाही. कधी प्रोग्रॅम थांबतो, तर कधी त्या जागी आधीच्या कामाचा उरलेला काहीतरी मजकूर सापडतो आणि हिशेब पुढे सरकतो. यातला दुसरा प्रकार जास्त घातक. कॉल करणारा दुसऱ्या भाषेतला असेल आणि त्याने संख्येची माहिती पाठवलीच नसेल, तर पार्म्स उणे एक देते. म्हणजे मोजणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही.

गल्लीबोळातल्या धंद्यापर्यंत संगणक नेला तो डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो या कुटुंबाने. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आणि शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. फॉक्सप्रोत न दिलेला पॅरामीटर आपोआप तार्किक ‘असत्य’ होतो. किती आले हे विचारायला तिथे दोन फंक्शन आहेत आणि या लेखाचा प्रश्न त्या दोहोंच्या फरकातच आहे. ‘पॅरामीटर्स’ हे फंक्शन सर्वांत शेवटी कॉल झालेल्या प्रोसिजरची संख्या सांगते. तुम्ही आत आलात, आधी दुसऱ्या एखाद्या प्रोसिजरला कॉल केला आणि मग विचारलेत, तर तुमची नव्हे, त्या दुसरीची संख्या मिळते. ‘पीकाउंट’ मात्र सध्याच्या प्रोसिजरचीच संख्या देते. एकमेकींना कॉल करणाऱ्या प्रोसिजरमध्ये पहिले फंक्शन वापरणे म्हणजे शेजाऱ्याचा हिशेब आपल्या वहीत उतरवणे.

पीकाउंट वापरूनही साखळीचा प्रश्न सुटत नाही. पट्टीच्या प्रोसिजरला पाचपैकी तीनच आकडे आले आणि तिने पाचही पुढे पाठवले, तर पुढची प्रोसिजर मोजून म्हणते, पाच आले. त्यातले दोन केवळ ‘असत्य’ आहेत हे मोजणीतून कळत नाही. मोजणीचा उपाय एका पायरीपुरता आहे, दुसऱ्या पायरीवर तो आंधळा होतो.

त्यावर फॉक्सप्रोवाल्यांचा प्रचलित तोडगा म्हणजे ‘एम्प्टी’. पॅरामीटर रिकामा असेल तर नेहमीचा दर घाला, अशी एक ओळ. आता असे समजा की आडत्याने एका शेतकऱ्याला बिनव्याजी उचल दिली आहे आणि व्याजदर मुद्दाम शून्य भरला आहे. एम्प्टी हे फंक्शन ‘असत्य’लाही रिकामे म्हणते आणि शून्यालाही. प्रोसिजर दिलेला शून्य पुसते, नेहमीचा दर लावते आणि कबूल केलेली सवलत पट्टीवर दिसत नाही. कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही. हाच सापळा पायथॉनमध्ये ‘ऑर’ वापरून आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघांचे चिन्ह वापरून आजही लावला जातो. जावास्क्रिप्टने २०२० मध्ये दोन प्रश्नचिन्हांचे नवे चिन्ह आणले ते याच कारणाने. ते शून्याला हात लावत नाही, फक्त अनुपस्थितीलाच पर्याय देते.

दुसरी वाट: जागा राखा, पण रिकामी पाठवा

मधलाच पॅरामीटर गाळायचा असेल, तर जागा राखून ती रिकामी असल्याचे सांगावे लागते. आरपीजीत त्यासाठी ‘ओमिट’ आहे. कॉल करताना त्या जागी ओमिट लिहायचे; आतल्या प्रोसिजरला त्या पॅरामीटरचा पत्ता ‘नल’, म्हणजे रिकामा, मिळतो आणि तो तपासून ठरवायचे. कोबॉलमध्येही कॉल करताना ‘ओमिटेड’ लिहिता येते, आणि २००२ च्या कोबॉल मानकाने ऐच्छिक पॅरामीटर व तो गाळला आहे का हे विचारण्याची सोय भाषेतच दिली. मोजणीपेक्षा हे प्रामाणिक आहे, कारण प्रत्येक जागेचा जबाब वेगळा मिळतो.

खर्च मात्र कॉल करणाऱ्यावर पडतो. मधल्या प्रोसिजरला स्वतःला काय मिळाले ते पाहून पुढचा कॉल लिहायचा असेल, तर प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा कॉल लागतो. पॅरामीटर फक्त शेवटूनच गाळता येत असतील, तर तीन ऐच्छिक पॅरामीटरसाठी चार प्रकारचे कॉल होतात. कुठलाही गाळता येत असेल, तर आठ, आणि पाच पॅरामीटर असतील तर बत्तीस. इतक्या फांद्या कुणी लिहीत नाही, आणि लिहिल्या तरी तपासत नाही. मग थकलेला प्रोग्रॅमर रिकाम्या जागी शून्य टाकून एकच कॉल लिहितो, आणि अनुपस्थितीची माहिती तिथेच संपते.

तिसरी वाट: नेहमीची किंमत आधीच लिहून ठेवा

आज सर्वांत लोकप्रिय असलेली वाट म्हणजे डिफॉल्ट. प्रोसिजरच्या व्याख्येतच लिहायचे: ओलावा दिला नाही तर १२ धरा. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये, पायथॉनमध्ये, आणि २०१० पासून सी शार्पमध्येही ही सोय आहे. एका पायरीपुरती ती उत्तमच आहे. साखळीत मात्र तिचे तीन दोष उघडे पडतात.

पहिला दोष रिकाम्या किमतीचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बाहेरच्या प्रोसिजरने व्याजदराला डिफॉल्ट नल ठेवला आणि तोच पुढे पाठवला, तर आतल्या प्रोसिजरचे डिफॉल्ट लागत नाही. नल ‘दिला’ गेला, म्हणून तिने नल घेतला. एसक्यूएलमध्ये नलशी केलेला गुणाकार-बेरीज नलच देते, त्यामुळे व्याजही नल, एकूण वजावटही नल. पुढे कुणीतरी ‘नल असेल तर शून्य’ अशी मलमपट्टी करतो आणि सगळ्या वजावटी पट्टीवरून गायब होतात. पीएल/एसक्यूएलचेही तसेच. दोन्हीकडे पॅरामीटर नावाने देता येतात हा मोठा गुण आहे. ‘व्याजदर इतका, सूट इतकी’ असे नावानिशी लिहिले की जागांची अदलाबदल होत नाही. पण नाव घेतल्याने अनुपस्थिती पुढे जात नाही.

दुसरा दोष डिफॉल्ट नेमके कुठे गोठते याचा. सी शार्पमध्ये डिफॉल्ट किंमत कॉल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो कंपाइल होताना, कोरली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. हा आकडा लायब्ररीत डिफॉल्ट म्हणून असेल आणि लायब्ररी बदलून दिली, पण ती वापरणारा मुख्य प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला नाही, तर तो १२ च पाठवत राहील. लायब्ररी उघडून पाहणाऱ्याला १५ दिसतील आणि काट्यावर नाकारला जाईल तो १३-१४ टक्के ओलाव्याचा माल. पायथॉनची तऱ्हा वेगळी. तिथे डिफॉल्ट एकदाच, फंक्शन तयार होताना, ठरते. पट्टीच्या तारखेला ‘आजची तारीख’ असे डिफॉल्ट दिले आणि सर्व्हर महिनाभर बंदच झाला नाही, तर महिनाभर तीच तारीख छापली जाईल.

तिसरा दोष दोन सत्यांचा. बाहेरच्या प्रोसिजरमध्ये व्याजाचे एक डिफॉल्ट, आतल्या प्रोसिजरमध्ये दुसरे. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. कुठून कॉल आला त्यावर एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्यांवर दोन दर लागू शकतात.

चौथी वाट: अनुपस्थिती जशीच्या तशी पुढे न्या

काही भाषांनी हा प्रश्न मुळापासून ओळखला. फोरट्रान ९० मध्ये पॅरामीटरला ‘ऑप्शनल’ म्हणता येते, ‘प्रेझेंट’ने तो आला का हे विचारता येते, आणि महत्त्वाचे म्हणजे न आलेला ऑप्शनल पॅरामीटर पुढच्या प्रोसिजरच्या ऑप्शनल जागी तसाच पाठवता येतो. पुढेही तो ‘न आलेला’च राहतो. एकच कॉल, बत्तीस फांद्या नाहीत. फोरट्रान ही शास्त्रज्ञांची भाषा. पण धंद्याच्या प्रोग्रॅमिंगला हवा असलेला नियम तिने इतका स्पष्ट लिहून ठेवला.

व्हिज्युअल बेसिकमध्येही, पॅरामीटर व्हेरियंट (कोणतीही किंमत धरू शकणाऱ्या) प्रकारचा असेल तर, ‘इजमिसिंग’ खरे उत्तर देते, आणि न दिलेला व्हेरियंट पुढे पाठवला तरी पुढे तो न दिलेलाच समजला जातो. पाचव्या आवृत्तीपासून ठरावीक प्रकाराचे ऐच्छिक पॅरामीटर आले. त्यांच्यासाठी इजमिसिंग नेहमी ‘असत्य’ सांगते. नेटकेपणासाठी व्हेरियंटचा पूर्णांक करणाऱ्याने ही माहिती नकळत गमावली. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून डिफॉल्ट आहेत. ‘अनडिफाइंड’ पुढे गेले तर आतले डिफॉल्ट लागते, ‘नल’ गेला तर लागत नाही. कॉमन लिस्पमध्ये किंमत आली का हे सांगणारा वेगळा झेंडा पॅरामीटरबरोबरच मागता येतो, आणि सॅपच्या अबॅप भाषेतही ‘दिला आहे का’ असे थेट विचारता येते.

हीच गोष्ट दोन संस्थांच्या संगणकांमध्ये घडते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू झाले, आणि माहिती नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या जेसन स्वरूपात जाऊ लागली. जेसनमध्ये एखादे नाव मुळातच नसणे, त्याची किंमत नल असणे आणि शून्य असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जेसनचा काही भागच बदलण्यासाठी २०१४ साली ठरलेल्या एका मानकात तर ‘नाव नाही’ म्हणजे जुने राहू दे आणि ‘नल’ म्हणजे पुसून टाक, असा अर्थ आहे. आपल्या प्रोग्रॅमने हा फरक आतल्या प्रोसिजरमध्ये पुसला असेल, तर बाहेर पाठवताना तो पुन्हा निर्माण करता येत नाही.

पाचवी वाट: ऐच्छिक काही ठेवूच नका

जावाने डिफॉल्ट दिलेच नाहीत. तिथे एकाच नावाच्या कमी-जास्त पॅरामीटरच्या अनेक मेथड लिहितात; छोटी मेथड मोठीला कॉल करते. पद्धत शिस्तीची असेल तर एक फायदा होतो: डिफॉल्ट ठरवण्याची जागा डोळ्यांना दिसते. पॅरामीटर वाढले की हे अवजड होते, म्हणून जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात बिल्डरची रीत मांडली: सगळे आकडे एका वस्तूत नावानिशी भरायचे आणि ती वस्तूच पुढे सोपवायची. कोबॉल आणि आरपीजीतले जुने जाणते लोक हेच काम एका रेकॉर्डने करतात. रेकॉर्डमध्ये व्याजदर असतो आणि त्याच्या शेजारी ‘व्याजदर दिला आहे का’ हा एक अक्षरी रकाना. साखळी कितीही लांब असो, रेकॉर्ड तेच राहते आणि झेंडा किमतीपासून सुटत नाही.

मग करायचे काय

या वाटा शेजारी-शेजारी ठेवल्या, तर माझ्या मते मराठवाड्यातल्या आडती, डाळमिल, साखर कारखाने आणि पतसंस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चार नियम पाळावेत.

पहिला, ऐच्छिकपणा बाहेरच्या दारातच थांबवावा. माणसाशी किंवा दुसऱ्या संगणकाशी बोलणारी जी पहिली प्रोसिजर, तिनेच ‘दिले नाही’चा अर्थ ठरवावा. आत हिशेब करणाऱ्या प्रोसिजरनी प्रत्येक आकडा सक्तीने मागावा. आतल्या प्रोसिजरला शेतकरी, माल, हंगाम काहीच माहीत नसते. ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे ती ठरवूच शकत नाही.

दुसरा, आत न्यायचेच असेल तर अनुपस्थिती अनुपस्थिती म्हणूनच न्यावी. भाषा मदत करत असेल तर तिची सोय वापरावी, नसेल तर रेकॉर्ड आणि झेंडा. शून्य, रिकामी जागा, ९९९ असले आकडे ‘दिले नाही’ या अर्थाने कधीही वापरू नयेत.

तिसरा, कायद्याचा किंवा बाजार समितीच्या उपविधीचा आकडा कोडमध्ये डिफॉल्ट म्हणून ठेवू नये. तो लागू होण्याच्या तारखेसह तक्त्यात असावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला. त्याहून मोठ्या पोत्यावर लागला नाही. त्याच मिलची तीच तूरडाळ, पण पॅकिंगचे वजन हा पॅरामीटर दिला नाही, तर कर ठरूच शकत नाही. नांदेडच्या बाजारातली हळद घ्या: वाळलेल्या हळदीवर ५ टक्के, ओल्यावर काही नाही. अशा ठिकाणी ‘दिले नाही तर शून्य’ लिहिणे म्हणजे कराचा निर्णय प्रोग्रॅमरने परस्पर घेणे. तिथे प्रोसिजरने थांबावे आणि विचारावे.

चौथा, तपासणी साखळीची करावी. एकेक प्रोसिजर सुटी तपासली की सगळे बरोबर दिसते, कारण वर सांगितलेली जवळपास प्रत्येक चूक दोन प्रोसिजरच्या मधे होते. प्रत्येक ऐच्छिक पॅरामीटरसाठी बाहेरच्या दारातून तीन कॉल करून पाहावेत: आकडा दिलेला, आकडा शून्य, आणि आकडा न दिलेला. तिन्ही पट्ट्या हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहाव्यात.

या प्रदेशात प्रोग्रॅमिंग शिकवण्याची सोय कमी नाही. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. फंक्शन शिकवताना डिफॉल्ट कसे लिहायचे हे कुठल्याही वर्गात अर्ध्या तासात सांगून होते. त्यापुढचा अर्धा तास एका फंक्शनने दुसऱ्याला कॉल केल्यावर त्या डिफॉल्टचे काय होते यासाठी द्यावा, आणि उदाहरण म्हणून बाजारातली खरी पट्टी घ्यावी. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी ती येत असते. तिच्यातला कोणता आकडा कुणी भरला आणि कोणता प्रोग्रॅमने स्वतः ठरवला, हे ज्याला सांगता येते, तोच तो प्रोग्रॅम दुरुस्त करू शकतो. आणि पट्टीवर नाव असलेल्या शेतकऱ्यालाही ते विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.